मदत हवी आहे, बालसंगोपन योजनेबद्दल (नागपूर)

नमस्कार मंडळी, नागपुरात कोणी बालसंगोपन योजनेचा (निराधार लेकरांना घरीच सांभाळायला सरकार पैसे देते ती) फॉर्म भरून दिलाय का? आमच्याकडे सक्करदऱ्याला भांड्याला येतात त्या मावशींकडे दोन नातवंडं आहेत, पोरगी ९ वर्षांची अन् पोरगा ४ चा, बाप वारला, आई कामासाठी बाहेरगावी गेली अन् तेव्हापासून तिचा फोनच बंद. पोरीची शाळा सुटलीय, परवा मी त्यांच्या घरी गेली तर भाऊ कडेवर अन् एका हातानं वरण ढवळत होती, जीव तुटला हो. लहान्याला अंगणवाडीत टाकू, ते होऊन जाईल. पण योजनेचे महिन्याला २,२५० रुपये या लेकरांना खूप मोठे आहेत. बापाचा मृत्यू दाखला आहे, आईचे कागद काहीच नाहीत, मग बाल कल्याण समितीपुढे काय दाखवायचं? खातं आजीसोबत जॉइंट चालते का? अन् मी १०९८ वर (मुलांची हेल्पलाइन) फोन करू म्हटलं तर मावशी रडायलाच लागल्या, पोट्टे उचलून बालगृहात नेतील म्हणतात. त्यांना काय सांगून समजावू? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज लिहा, लेकरांना आजीजवळच राहू द्यायचंय.