आधी डोळा, मग किंमत

'महाग तेच चांगलं, असं लोक धरून चालतात' असं म्हणतात, ते पटतं, पण माझ्या मते किमतीच्याही आधी डोळा निकाल देतो. दादरला गूळ घेताना दर वेळी हेच दिसतं. पिवळाधमक गूळ भराभर उचलला जातो, शेजारची काळपट ढेप तशीच पडून राहते. वास्तविक उसाचा रस आटला की तपकिरीच होतो. तो उजळ दिसावा म्हणून कित्येकदा हायड्रॉस नावाचं रंग उजळवणारं रसायन घालतात, कारण गिऱ्हाईक तोच रंग मागतं.

ब्रेडचं नेमकं उलट. तिथे तपकिरी म्हणजे पौष्टिक असं आपण मानतो. परवा घरातलं ब्राउन ब्रेडचं पाकीट उलटून बघितलं: पहिला घटक मैदा, गव्हाचं पीठ त्यानंतर आणि शेवटाकडे रंग १५०ए, म्हणजे कॅरॅमल, साखर करपवून केलेला तपकिरी रंग. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियमच आहे, त्यामुळे पहिलं नाव वाचलं तरी बरंच कळतं. पण अक्षरं इतकी बारीक की आईला चष्मा लावूनही दिसत नाहीत. याचा मला खरंच राग येतो.

मासळी बाजारात मात्र आपण सहसा फसत नाही. कोळणीसमोरच पापलेटाचे कल्ले उघडून लाल आहेत का बघतो, अंगावर बोट दाबून खड्डा राहतो का तेही.