१९९० च्या मस्टँग ५.० साठी कोणते इनटेक मॅनिफोल्ड निवडावे?

सॅनहोजेकर
नमस्कार. माझ्याकडे १९९० ची फोर्ड मस्टँग एलएक्स ५.० आहे. गिअर पाच, मागच्या डिफरन्शियलचे गुणोत्तर ३.०८, आणि हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) व कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांसह सारे इंजिन मूळचेच. थर्मोस्टॅटचे झाकण ज्या बोल्टांनी इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जोडणीच्या) खालच्या भागावर बसते, त्यांतील एकाचे आटे गेले असून तेथून पाणी झिरपते. मॅनिफोल्ड काढावेच लागणार असल्याने त्याऐवजी अधिक चांगले बसवावे, असा विचार आहे. एडलब्रॉकचे परफॉर्मर, ट्रिक फ्लोचे स्ट्रीट हीट किंवा ट्रॅक हीट आणि भंगारात मिळणारे फोर्ड एक्सप्लोररचे, असे पर्याय समोर आहेत. गाडी आठवड्यातून तीन दिवस कामावर नेतो आणि रविवारी कॅलिफोर्नियातील सांताक्रूझच्या घाटात. शर्यतीत उतरवत नाही. कोणते घ्यावे?

आठ_सिलिंडर
शर्यतीत उतरवत नाही हे आपण सांगितले ते बरे झाले, कारण निवड त्यावरच ठरते. इनटेक व्हॉल्व्ह बंद होताच रनरमधील (मॅनिफोल्डच्या प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीतील) हवेत दाबाची लाट उठते, ती वरच्या पोकळीपर्यंत जाऊन परतते, आणि व्हॉल्व्ह पुन्हा उघडत असताना पोहोचली तर सिलिंडरमध्ये जास्त हवा ढकलली जाते. रनर लांब असेल तर हा मेळ इंजिनाच्या दर मिनिटाच्या कमी फेऱ्यांवर जमतो, आखूड असेल तर जास्त फेऱ्यांवर. आपल्या इंजिनाचे मूळ मॅनिफोल्ड लांब व अरुंद रनरचे आहे. म्हणूनच कंपनीने ३०० पाउंड-फूट टॉर्क ३२०० फेऱ्यांवर आणि २२५ अश्वशक्ती अवघ्या ४२०० फेऱ्यांवर दिली होती.

आता आपला हिशेब करू. ३.०८ च्या गुणोत्तरावर, पाचव्या गिअरमध्ये ताशी ६५ मैल वेगाने इंजिन साधारण १८०० फेऱ्यांवर फिरते, आणि घाटातही बहुतेक वेळ ते २५०० ते ४५०० च्या दरम्यान राहील. ट्रॅक हीट याच्या वरच्या टप्प्यासाठी बनवलेले आहे. शिवाय आपली मूळ हेड, विशेषतः त्यांची एक्झॉस्टची वाट, इतकी अरुंद आहे की मॅनिफोल्डने आणलेली जास्तीची हवा पुढे जाणारच नाही. १९९३ च्या कोब्राचे उदाहरण घ्या. त्या वर्षी साध्या मस्टँग जीटीला २०५ आणि कोब्राला २३५ अश्वशक्ती होती. पण फोर्डने नुसते मॅनिफोल्ड बदलले नव्हते, त्यासोबत जीटी-४० नावाची अधिक मोकळ्या वाटांची हेडही दिली होती. जाहिरातींतील आलेख पाहताना ते कोणत्या हेडवर व कोणत्या कॅमशाफ्टवर घेतले आहेत हे आधी वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझे मत परफॉर्मर किंवा स्ट्रीट हीट यांपैकी एकाच्या बाजूने आहे.

एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडते. १९८९ पासून या गाडीत येणाऱ्या हवेचे वस्तुमान मोजणारा सेन्सर असल्याने, असा माफक बदल संगणक सांभाळून घेतो. १९८८ पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत तो नव्हता.

पान्हेवाला
वरील मताशी सहमत आहे, परंतु आपण कॅलिफोर्नियात आहात हे विसरू नका. तेथे १९७६ पासूनच्या गाड्यांना दर दोन वर्षांनी धूर तपासणी असते आणि तपासनीस बॉनेटखालील भागही डोळ्यांनी पाहतो. ज्या मॅनिफोल्डला आपल्या सालासाठी राज्याच्या वायू मंडळाचा आदेश क्रमांक आहे, तेच घ्या. सोबत येणारा शिक्का बॉनेटखाली लावा. एक्सप्लोररचे मॅनिफोल्ड स्वस्त व खरोखर चांगले आहे, तरी या एका कारणासाठी मी ते आपल्याला सुचवणार नाही.

आता बसवण्याविषयी. खालचा भाग निघण्यासाठी डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) काढावा लागतो, म्हणून त्यातील रोटरची (फिरणाऱ्या पात्याची) जागा आधी खुणेने नोंदवा. नंतर स्पाउटची जोडणी (जिच्यातून संगणक टायमिंग बदलतो) काढून टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, १० अंशांवर लावा. पुढच्या व मागच्या कडेला कॉर्कची पट्टी न वापरता सिलिकॉनची जाड रेघ द्या, कारण कॉर्क सरकतो आणि तेल गळू लागते. काढताना थोडे पाणी तेलात पडतेच. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी तेल बदला. यात काटकसर केली तर किंमत बेअरिंगांना मोजावी लागते.

सॅनहोजेकर
दोघांचेही मनापासून आभार. आदेश क्रमांकाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. ट्रॅक हीट आणि एक्सप्लोरर दोन्ही बाद करतो. पुढेमागे हेड बदलायची झाली, तर आता घेतलेले मॅनिफोल्ड अपुरे पडेल का?

आठ_सिलिंडर
रस्त्यावरच्या वापरासाठी तयार केलेली, मध्यम आकाराच्या पोर्टची (हवेच्या वाटांची) ॲल्युमिनियम हेड बसवलीत तर नाही. मोठ्या पोर्टची हेड घेतलीत तर मात्र मॅनिफोल्डही पुन्हा बदलावे लागेल, आणि घाटात आपल्याला हवी असलेली कमी फेऱ्यांवरची ओढ त्यात हरवेल.

पान्हेवाला
आणखी एक. नवे मॅनिफोल्ड मूळच्यापेक्षा उंच असू शकते. वरचा भाग नुसता ठेवून त्याच्या सर्वांत उंच जागांवर घट्ट मळलेल्या कणकेचे छोटे गोळे ठेवा, बॉनेट हलकेच बंद करून उघडा आणि चेपलेल्या गोळ्यांची जाडी मोजा. अर्ध्या इंचाहून कमी भरली तर बोल्ट आवळू नका, कारण जोर दिल्यावर इंजिन आपल्या रबरी माउंटवर कलते.