प्रति: नेटवरची मंडळी भेटल्यावर बोलायचं काय?

वर विचारलंय म्हणून लिहितो. जपानी फिगर स्केटर युझुरु हान्यूचे आम्ही चौघे चाहते गेल्या पावसात पणजीत भेटलो, टोपणनावांपलीकडे काही ठाऊक नसताना. मडगावच्या ताईंनी पिशवीतून पिवळा पूह (कार्टूनमधलं अस्वल) काढून पातळ भाजीच्या बशीशेजारी ठेवला (हान्यूचं स्केटिंग संपलं की बर्फावर त्याच अस्वलांचा पाऊस पडायचा), आणि झाली ओळख! मग दोन तास २०२२चं बीजिंग हिवाळी ऑलिंपिक. हान्यू क्वाड ॲक्सेल या उडीला पडला, चौथा आला. २०१४, २०१८ची सुवर्णं खिशात असताना हा हट्ट कशाला, असं एकाचं म्हणणं. ताई उसळल्या, "साडेचार गिरक्या आहेत बाबा हवेत, चेष्टा नव्हे!" बर्फ मात्र आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नाही, फ्रीजमधला सोडून. तेव्हा भेटा बिनधास्त. फक्त पंचांच्या गुणांचा विषय चहा येईपर्यंत काढू नका.