जुनी गाडी मिसिंग करते: आधी प्लग-केबल बदलायच्या की आधी सिलिंडर शोधायचा?

ढोकाळीकर
2008 ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडरचं इंजिन, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. मिसिंग करते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही. सिग्नलला थरथरते, गायमुखच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये धक्के देते. गॅरेजमध्ये नवे प्लग टाकले, मिसिंग कायम. आता केबल आणि कॉइल सांगतायत, तरी नाही गेलं तर इंजेक्टर. ही पद्धतच मला चुकीची वाटते. कुठला सिलिंडर मार खातोय ते आधी शोधा, मग पार्ट मागवा.

स्कॅनरवर दोषाचा एकही कोड आला नाही, म्हणून "इंजिनात काही नाही" असंही ऐकवलं. मिसफायरवर, म्हणजे मिसिंगवर, नजर ठेवणारं ओबीडी-2 (गाडीतली दोष नोंदवणारी यंत्रणा) आपल्याकडे एप्रिल 2013 पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांच्या ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) एक सिलिंडर जळत नाहीये हे कळतच नाही. अशा गाडीत स्कॅनर गप्प बसला तरी दोष असू शकतो.

जुनी रीत साधी आहे. गाडी पेट्रोलवर घ्या, आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता) ठेवा आणि एकेका इंजेक्टरचा, म्हणजे सिलिंडरला इंधन फवारणाऱ्या भागाचा, कनेक्टर काढून परत लावा. चांगला सिलिंडर बंद केला की इंजिन लगेच खाली बसतं. ज्याचा कनेक्टर काढून काहीच फरक पडत नाही, तो दोषी. चालू इंजिनवर प्लगची केबल मात्र उपसू नका, झटका बसतो आणि कॉइलही जाऊ शकते. एवढं काम करायला कुणी तयार होत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

कळव्याचा मिस्त्री
दादा, राग बरोबर आहे, पण सिलिंडर सापडला म्हणजे कारण सापडलं असं नाही. केबल थंड असताना मल्टिमीटरवर बरोबर दाखवते आणि बोनेटखाली तापली की तिच्यातून करंट लीक होतो. ते रीडिंग बघून मी गिऱ्हाइकाला "चांगली आहे" कसं सांगू? त्यात सीएनजीला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून कमजोर केबल आधी सीएनजीवर उघडी पडते. इतक्या वर्षांच्या केबल तशाही बदलायच्याच असतात.

आणि एक सांगतो. तपासणीचे पैसे मागितले की लोक म्हणतात, "नुसतं बघायचे कसले पैसे?" पार्टचे मात्र देतात. मग गॅरेजवाला पार्टच सांगणार.

नेरुळकर
दोघंही मूळ कारण सोडून बोलताय. 2023 पासून पंपावर ई20 यायला लागलं. 20 टक्के इथेनॉल 2008 च्या रबरी पाइपांना आणि सीलना चालेल असं धरूनच ती गाडी बनवलेली नाही. टाकीत जुना गाळ असेल तर तोही सुटून इंजेक्टरकडे येतो.

ढोकाळीकर
काका, रबराबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण माझी गाडी सीएनजीवरही मिसिंग करते, उलट जास्तच. सीएनजीवर पेट्रोलचे इंजेक्टर बंद असतात. दोन्ही इंधनांवर तीच तक्रार असेल, तर दोष दोन्हींच्या सामाईक वाटेवर शोधायला हवा: ठिणगी, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), नाहीतर कुठून तरी शिरणारी हवा.

वर्तकनगर
15 वर्षांवरच्या गाडीत पैसे कशाला घालताय? स्क्रॅपला द्या.

ढोकाळीकर
आरटीओकडून 2023 मध्ये पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी झाली आहे. पत्रा, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळं ठणठणीत. एका सिलिंडरपायी चांगली गाडी मोडीत काढायची नाही.

ऐरोलीकर
टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचं, नाव अजून कुणी काढलं नाही, याचं आश्चर्य वाटतं. सीएनजीवर वर्षानुवर्षं चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्ह त्याच्या सीटमध्ये (बसायच्या जागेत) खोल रुतत जातो. टॅपेटचं अंतर कमी होतं आणि इंजिन तापलं की व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. कॉम्प्रेशन निसटतं. मग केबल बदला, कॉइल बदला, काडीचा उपयोग नाही. आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला तर त्यात थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

कळव्याचा मिस्त्री
सकाळी थंड इंजिनवर कशी चालते?

ढोकाळीकर
सकाळी ठीक. माजिवड्याचं ट्रॅफिक पार करून तापली की सुरू.

कळव्याचा मिस्त्री
मग माझी केबलही बसते आणि ऐरोलीकरांचा व्हॉल्व्हही बसतो. टेस्ट करणार असाल तर गरम इंजिनवर करा, थंडवर आकडे फसवतील. आणि रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून केबलवर बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारा, हात लांब ठेवून. निळ्या ठिणग्या नाचल्या तर केबल गेली, हेडला (व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनाच्या वरच्या भागाला) हात लावायची गरज नाही. टॅपेट सेटिंगचा खर्च करण्याआधी हे बघाच.

ऐरोलीकर
पटत नाही. ठिणग्या दिसल्या तरी टॅपेट मोजलेच पाहिजेत, दोन्ही दोष एकत्र असू शकतात. आणि तोवर गाडी रोज दामटू नका. न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो. पीयूसीतही हायड्रोकार्बनचा आकडा वर जाईल.

ढोकाळीकर
शनिवारी गाडी तापवून थेट गॅरेजला नेतो. आधी इंजेक्टर कनेक्टर, मग गरम कॉम्प्रेशन, रात्री फवारा. तपासणीचे पैसे वेगळे देणार, तसं आधीच सांगून ठेवलंय. चारही सिलिंडरचे आकडे इथेच टाकतो.