लॅपटॉपचा बाण आपोआप सरकतो, फॉरमॅट मारू का?

कुळागर (फोंडा)
विंडोज ११, टचस्क्रीनवाला लॅपटॉप, चार वर्षं जुना. बाण हात न लावता थरथरतो, उजवीकडे वर सरकतो, मध्येच न दाबता क्लिक होतं नि पान मोठं होतं. टाइप करताना कर्सर उडून भलत्याच ओळीत जातो. खाली सोप्यावर (ओसरीवर) बसलं तर त्रास जवळजवळ नाही. माडीवरच्या खोलीत चार्जर लावला की पाच मिनिटांत सुरू. अँटिव्हायरस फिरवून झाला. दुकानात न उघडताच 'फॉरमॅट मारूया' म्हणाले. पावसाळी दमटपणामुळे होतं का? आधी काय तपासू?

सोल्डर_तार
फॉरमॅट थांबवा. बाण हलवणारी यंत्रं लॅपटॉपमध्ये दोन-तीन असतात. त्यातलं कोणतं खोटं बोलतंय ते आधी पकडायचं.

सुरुवात बिनखर्चाच्या गोष्टीपासून. यूएसबीत वायरलेस माउसचा डोंगल (सिग्नल घेणारा छोटा तुकडा) लावलेला आहे का? माउस बॅगेत चालू राहिला की तिथूनच बाण ओढत असतो. तो काढा.

मग साधा वायरवाला माउस जोडा आणि टचपॅड बंद करा: सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, टचपॅड. माउस जोडल्याशिवाय हे करू नका, नाहीतर परत चालू करताना तारांबळ. तरीही बाण हलला तर टचस्क्रीन बंद करा. विंडोजची कळ आणि एक्स, मग एम दाबा; डिव्हाइस मॅनेजर उघडेल. 'ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस'खाली 'एचआयडी कंप्लायंट टच स्क्रीन' दिसेल, त्यावर राइट क्लिक करून डिसेबल.

हलण्याच्या तऱ्हेवरूनही बरंच कळतं. टचस्क्रीनचा दोष असेल तर बाण सरकत नाही, एकदम उडी मारतो आणि तिथे पुसटसं वर्तुळ उमटतं. कीबोर्डात जी, एच, बी या कळांमध्ये बाण हलवायची छोटी लाल टोपी असेल तर ती बाण हळूहळू एकाच दिशेला ओढते. बोट काढून दोन-तीन सेकंद थांबलं की स्वतःच ताळ्यावर येते. थरथर, खोटे क्लिक आणि आपोआप झूम हे मात्र टचपॅडचं लक्षण.

विंडोजवर संशय असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट इन्स्टॉल न करता नुसतं चालवून बघा. तिथेही बाण नाचला तर विंडोज निर्दोष.

मांडवीपार
एक गोष्ट आजच बघा. लॅपटॉप बंद करून स्टीलची पट्टी टचपॅडवर आडवी, कडेवर उभी धरा. मधे फुगवटा येऊन पट्टी डुलली किंवा टचपॅडचा क्लिक अलीकडे कडक झाला असेल तर खालची बॅटरी फुगून वर ढकलतेय. मग चार्जिंग बंद, दाबून बसवायचा प्रयत्न नको, टोचणं तर नकोच. बॅटरी बदला आणि जुनी ई-कचऱ्यात द्या.

दमटपणाचं म्हणाल तर ओलसर बोट आणि टचपॅडवर साचलेला तेलकट थर गोंधळ घालतात खरे. लॅपटॉप बंद ठेवून मऊ कापडावर थोडं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, थेट फवारू नका. पण दमटपणा सोप्यावरही तेवढाच असणार ना?

फेज_न्यूट्रल (म्हापसा)
मुद्दा तोच. जागा बदलली की त्रास बदलतो, म्हणजे सॉकेटकडे बघा. बाण नाचत असताना चार्जरची पिन उपटा. त्याच क्षणी शांत झाला तर अर्थिंग (गळका करंट जमिनीत नेणारी जोडणी) नाही किंवा चार्जरच खराब, असा संशय घ्या.

टचपॅड दाब मोजत नाही. बोट जवळ आलं की खालच्या जाळीतला विद्युतभार किती बदलला एवढंच मोजतो, आणि तो बदल अगदी बारीक असतो. अडॅप्टरच्या (चार्जरच्या डबीच्या) आत फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) दोन्हींकडून अर्थला जोडलेले छोटे कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) असतात. अर्थ तुटलेला असला की त्यांचा मधला बिंदू ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. करंट नगण्य, पण धातूच्या बॉडीवर मनगट ठेवलं की मुंग्या येतात आणि टचपॅडला तो गोंगाट बोटासारखा वाटतो. दोन पिनांच्या अडॅप्टरला तर मुळात अर्थच नसतो.

मल्टिमीटर एसी ७५० वर ठेवा. समोरून बघताना वरचं मोठं भोक अर्थ, उजवं फेज, डावं न्यूट्रल. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. मीटर हाताळायची सवय नसेल तर वायरमनकडून करून घ्या. एक्स्टेन्शन बोर्डही तपासा. तीन भोकं दिसतात पण आत हिरवी तार नसते असे बोर्ड बाजारात पुष्कळ.

कुळागर (फोंडा)
पट्टी सपाट बसते. चार्जर काढताच बाण गप्प. वायरमनने त्याच क्रमाने मोजलं: खाली २३०, २२९, १.४. माडीवर शेजारच्या भोकात अडॅप्टर लावलेला असताना २३१, ११८, १०९. वरच्या खोलीची वायर नंतर ओढलेली, त्यात अर्थच नेलेला नाही. तो म्हणतो, न्यूट्रलमधून अर्थच्या पिनला लूप मारतो (तारेचा तुकडा जोडतो), पाच मिनिटांचं काम. चालेल?

फेज_न्यूट्रल (म्हापसा)
अजिबात नाही! मीटर छान आकडे दाखवेल, बाणही थांबेल. पण मागे कुठे न्यूट्रल सुटली की तीन पिनांच्या प्रत्येक वस्तूच्या बॉडीवर २३० व्होल्ट येतील, लॅपटॉपच्या आणि इस्त्रीच्याही. खालच्या बोर्डातल्या अर्थपासून हिरवी तार वेगळी ओढून घ्या. तोवर माडीवर बॅटरीवर चालवा, चार्जिंग सोप्यावर.

कुळागर (फोंडा)
तार उद्या ओढतोय. देव बरें करूं.