डायानस हा भुंगेऱ्यांचा वंश (जीनस) वेगळा ठेवायचा की स्टेनस या दुसऱ्या वंशात विलीन करायचा?

शेवाळवाट:
माझं मत सरळ आहे, विलीन करायचा. आखूड पंखांच्या भुंगेऱ्यांच्या कुलात (रोव्ह बीटल, स्टॅफिलिनिडी) साठ हजारांहून अधिक जाती आहेत. त्यातल्या तीन हजारांवर एकट्या स्टेनसच्या. लात्रेईने १७९७ साली हा वंश मांडला आणि १८१९ मध्ये लीचने त्याशेजारी डायानस उभा केला. आता डीएनएवरून काढलेल्या वंशवृक्षात डायानसची फांदी स्टेनसच्या आतूनच फुटलेली दिसते. म्हणजे काही स्टेनस इतर स्टेनसपेक्षा डायानसला जवळचे आहेत. मग आजचा 'स्टेनस' हे एका पूर्वजाचं पूर्ण घराणं राहत नाही. एक फांदी वगळून उरलेल्या झाडाला आपण नाव देतोय.

भिंगवाला:
वंशवृक्ष मान्य. पण भिंगाखाली काय दिसतं तेही पाहा. स्टेनसचा खालचा ओठ काठीसारखा बाहेर फेकला जातो, टोकाला चिकट गाद्या असतात आणि काही मिलिसेकंदांत स्प्रिंगटेल (पालापाचोळ्यातला चिमुकला उड्या मारणारा जीव) पकडला जातो. डायानसकडे हे अवजारच नाही, तो जबड्यांनीच भक्ष्य धरतो. शिकार करण्याची पद्धतच वेगळी असेल तर वेगळं नाव ठेवण्यात चूक ती काय?

शेवाळवाट:
चूक अशी की फांदी आत असेल, तर डायानसच्या पूर्वजांकडे हा ओठ होता आणि पुढे तो गेला, हाच सोपा अर्थ निघतो. एखादी गोष्ट गमावली म्हणून घराणं बदलत नाही. सापांचे पाय गेले, तरी ते चतुष्पादांतच मोजतो ना आपण?

ओढाकाठ:
मी भिंगवाल्यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. प्रसार बघा. स्टेनस न्यूझीलंड आणि अंटार्क्टिका सोडून जवळजवळ सगळीकडे आहे. दलदल, गवत, पालापाचोळा, नदीची वाळू, काहीही चालतं त्याला. डायानसच्या दोनशेवर जाती आहेत, त्यातल्या बहुतेक हिमालय, चीन आणि आग्नेय आशियात, धबधब्यांच्या ओल्या शेवाळावर नि खळाळत्या ओढ्यांच्या दगडांवर. ब्रिटनमध्ये स्टेनसच्या सत्तरहून अधिक जाती आहेत, डायानसची एकच, कोएरुलेसेन्स. 'डायानस' म्हटलं की अधिवास लगेच डोळ्यांसमोर येतो. 'स्टेनस'मध्ये ढकलला की ही माहिती नावातून पुसली जाईल.

शेवाळवाट:
ती माहिती उपवंशात किंवा जातिगटात ठेवता येईल की! आणि तुमची कोएरुलेसेन्स १८१० मध्ये जिलेनहालने स्टेनस म्हणूनच नोंदवली होती. ती परतच येईल.

भिंगवाला:
उपवंशाचं नाव काढलंत ते बरं झालं. स्टेनसचे जुने उपवंश कशावर पाडलेत? पोटाच्या कडेला उभी किनार आहे का, पावलाचा चौथा पेर दुभंगलेला आहे का, यावर. नमुना ओळखायला हे उत्तम. पण दुभंगलेला पेर झाडपाल्यावर चढणाऱ्यांत पुन्हा पुन्हा उपजला असेल, तर ते गटही कृत्रिमच. फोल्कर पुट्झ यांनी आयुष्यभर याच भुंगेऱ्यांवर काम केलं, तेही या उपवंशांना नैसर्गिक मानत नव्हते. घराचा पाया असा असताना एका खोलीचं नाव कशाला बदलायचं? शिवाय दोन्ही वंशांत एकाच नावाच्या जाती निघाल्या, तर नामकरण संहितेप्रमाणे नंतरच्या नावाला बदली नाव द्यावं लागेल. संग्रहालयांतल्या चिठ्ठ्या, याद्या, ओळख-किल्ल्या (लक्षणांवरून जात ओळखायचे तक्ते), सगळ्यांना हात लागेल.

ओढाकाठ:
आणि वंशवृक्षात तीन हजारांपैकी किती जाती घेतल्या होत्या? थोड्याच. आशियातल्या डोंगराळ भागातले आणखी नमुने येईपर्यंत मी थांबेन.

शेवाळवाट:
नमुने वाढवायला हवेत हे मान्य, त्यावर माझा वाद नाही. पण चिठ्ठ्या बदलाव्या लागतील हे मला कारण वाटत नाही. एक मुद्दा मात्र कुणी घेतला नाही. दोन्ही वंश शेपटाकडच्या ग्रंथींतून स्राव सोडून पाण्याच्या पृष्ठावर सरकतात. लिन्सेनमाइर आणि यांडर यांनी १९६३ मध्ये स्टेनसचं हे पोहणं वर्णिलं. असली यंत्रणा दोघांत आहे ती समान वारशामुळेच. ओठातला फरक मोजता, मग हे साम्य का मोजत नाही?

भिंगवाला:
मोजतो. त्यावरून ते सख्खे शेजारी ठरतात, एकाच्या पोटात दुसरा आहे हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी ग्रंथींतली रसायनं गटागटाने ताडून पाहावी लागतील. ती माहिती या झाडावर मांडून दाखवा, मग मी माझ्या किल्लीतली पहिली ओळ बदलेन.