नालेसफाईच्या वजनपावत्या नाकारल्या : अपील करायचं की सोडून द्यायचं?

शिवडीकर : आमच्या भागातल्या नाल्यातून पावसाळ्याआधी काढलेल्या गाळाच्या वजनपावत्या आणि डंपरच्या फेऱ्यांची नोंद माहिती अधिकारात मागितली होती. उत्तर एका ओळीचं : 'त्रयस्थ पक्षाची माहिती, कलम ८(१)(घ) अन्वये नाकारण्यात येत आहे.' कारण शून्य. त्रयस्थ पक्ष म्हणजे इथे गाळ काढणारा कंत्राटदार. ते कलम व्यापारी गुपितांसाठी आहे आणि माहिती दिल्याने त्या पक्षाच्या स्पर्धेतल्या स्थानाला धक्का बसणार असेल तरच लागू होतं. टाकून दिलेल्या गाळाच्या वजनात कसलं गुपित? बिल त्याच वजनावर निघतं आणि पैसा आपल्या करांचा असतो. मी अपील करणार आहे.

महेश_ठाणे : कार्यालयात बसून पाहा एकदा. अर्जांचे गठ्ठे येतात, त्यातले काही निव्वळ कंत्राटदाराला घाबरवून पैसे उकळण्यासाठी असतात. हजारो पावत्यांच्या झेरॉक्स काढायला माणसं आणायची कुठून? नाल्याचं काम थांबवून?

मीनल : खंडणीखोर आहेत, खरंय. त्यांच्यावर पोलिसात गुन्हा नोंदवा. त्यांच्यासाठी सगळ्यांना दार बंद का? आणि झेरॉक्सचा ताण असेल तर कलम ७(९) आहे : माहिती दुसऱ्या स्वरूपात द्या. अर्जदाराला कार्यालयात बसवून रजिस्टर दाखवा. नकार द्यायची मुभा त्या कलमात नाही.

महेश_ठाणे : चालकांची नावं, मोबाइल नंबर असतात त्यात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहितीचं कलमच बदललंय. उद्या अधिकारी अडकला तर?

शिवडीकर : नावं, नंबर झाका. कलम १० त्यासाठीच आहे : देता येण्याजोगा भाग वेगळा करून द्यायचा. गाडीचा क्रमांक, वेळ, वजन एवढंच मला हवंय. शिवाय ८(२) प्रमाणे जनहित जास्त असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, शहर बुडालं. त्यानंतरही नाल्यातला गाळ कंत्राटदाराची खासगी बाब म्हणायची?

महेश_ठाणे : गाडी क्रमांक-वजन द्यायला माझी हरकत नाही. पण कंत्राटदाराला विचारायला हवं.

मीनल : विचारा ना. कलम ११ त्याचसाठी, पाच दिवसांत नोटीस द्यायची. त्याने नको म्हटलं म्हणून विषय संपत नाही, निर्णय अधिकाऱ्याचाच. शिवडीकर, नोटीस दिली होती का, हे अपिलात पहिलं विचारा.

अजित_परळ : पण पहिलं अपील फेटाळलं आणि दुसऱ्यासाठी माहिती आयोगात गेलात की वर्षं जातात. मी सोडून दिलं. तोवर तो नाला पुन्हा भरतो.

शिवडीकर : म्हणूनच पहिलं अपील नीट लिहायचं, अजितदादा. नवा अर्ज करून पुन्हा सुरुवात नको. नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी १९(५) नुसार नाकारणाऱ्याची आहे, आपली नाही. वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि नकारपत्राची प्रत जोडतोय. तीस दिवसांची मुदत संपायच्या आत देतो. मीनल, मसुदा आज रात्री पाठवतो, नोटिशीचा मुद्दा वर घेतलाय.